सासूबाईंची कुंडी

शिवदास परुळेकरांचे कान उत्तम होते. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते, आणि चालू पंपाला नुसता कान लावून आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तसं जाहीरच केलं. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या कुंदाताई इतक्या मोठ्याने हसल्या की साहेबांना पुढचं वाक्य आठवेना.

कुंदाताईंच्या हसण्याला कारण होतं. घरी आले की हेच कान रजेवर जायचे. बायको बोलत असली की शिवदासराव खिडकीबाहेर बघत कुठेतरी तरंगत राहत. समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेली घार, वाऱ्याने फुगलेली कुणाची तरी चादर, ढगाचा एखादा तुकडा, काहीही चालायचं. मात्र कुंदाताईंनी मध्येच "काय म्हटलं मी?" असं दरडावून विचारलं की त्यांच्या वाक्याचे शेवटचे तीन शब्द ते बिनचूक परत करायचे. शेवटचे तीन शब्द कानाच्या उंबऱ्यावर जरा रेंगाळतात, त्याच्या आधीचे आत न येताच निघून जातात, असा त्यांचा अनुभव होता. एवढ्या भांडवलावर त्यांनी संसार केला, मुलगी वाढवली, तिचं लग्नसुद्धा लावून दिलं.

ही मुलगी, श्वेता, बेंगळुरूला असते. तिला जुळं होणार असं कळलं आणि पाडवा होताच कुंदाताई तिच्या बाळंतपणाला निघाल्या. जुळं म्हटल्यावर दिवाळीपर्यंत काही परत येणं नाही, हे ठरलेलंच. टॅक्सी खाली उभी होती. दारात उभ्या राहून त्यांनी गॅस, दूध, मोलकरीण, रक्तदाबाची गोळी असा सगळा पाढा वाचला. गॅलरीतल्या बाकीच्या कुंड्या त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या अनुपमाकडे सोपवल्या होत्या. एकच कुंडी घरात ठेवली होती आणि तिच्याबद्दल त्या बराच वेळ बोलत होत्या. नेमकी तेव्हाच समोरच्या टाकीवर घार येऊन बसली.

"काय म्हटलं मी?"

"आईची आठवण आहे," शिवदासराव म्हणाले.

कुंदाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला आणि मग त्या जिना उतरून गेल्या.

आता सासूबाईंची आठवण म्हणजे काय, हे शिवदासरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. सासूबाई कुडाळला वारल्या त्या मागच्या दिवाळीच्या तोंडावर. त्यांच्या अंगणातलं एक झाड कुंदाताई मातीच्या गोळ्यासकट मांडीवर घेऊन मुंबईला आल्या होत्या. पुढे चुलतभावाने त्या अंगणात गाडी लावायला पेव्हर ब्लॉक बसवले. म्हणजे आईच्या हातचं जिवंत असं काही उरलं असेल तर ते या कुंडीत. हे सगळं त्यांना माहीत होतं. फक्त ते झाड कसलं, एवढंच माहीत नव्हतं. जाण्यापूर्वी कुंदाताईंनी ते छाटून ठेवलं होतं, त्यामुळे कुंडीत नुसत्या तीन काड्या आणि थोडीफार वाळकी बोंडं दिसत होती. काड्यांवरून झाड ओळखावं एवढी शिवदासरावांची वनस्पतिशास्त्रात गती नव्हती. आणि बायकोला फोन करून विचारायचं म्हणजे आपण ऐकलं नव्हतं हे कबूल करायचं. इतक्या वर्षांची अब्रू तीन काड्यांपायी कोण घालवणार?

तेव्हा त्यांनी पाणी घालायला सुरुवात केली. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर, आणि दुपारी जाग आली तर आणखी एक. कारखान्यात पंप असेच तपासतात, पाणी सोडून. थोड्याच दिवसांत काड्या काळ्या पडल्या.

"काका, तुम्ही त्या कुंडीशी बोला ना," अनुपमा म्हणाली. अनुपमा बँकेत होती आणि झाडांची सगळी माहिती तिला मोबाइलवरून मिळत असे. "प्लांट्सशी बोललं ना, की ती मस्त ग्रो होतात. आणि ती माती बदला. फार जुनी झालीय."

जिच्याशी बोलायचं ती सासूबाईंची कुंडी असल्यामुळे शिवदासराव "नमस्कार" याच्या पुढे जाऊ शकले नाहीत. माती मात्र त्यांनी बदलली. सिग्नलजवळच्या हातगाडीवरून लाल मातीची गोणी आणली, कुंडीतली अर्धी जुनी माती काढून नवी भरली. जुनी माती फेकवेना. कितीही झालं तरी कुडाळच्या अंगणातली. ती त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली.

आणि एका सकाळी कुंडीतून कोंब वर आला! नाजूक, तांबूस, बाहेरच्या जगाकडे जरा संशयाने बघणारा. शिवदासरावांनी त्याला मनोभावे नमस्कार केला आणि बेंगळुरूला फोन लावला.

"फुटवा आलाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटलं होतं तुम्ही मारणार तिला," कुंदाताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच शिवदासरावांना आपण घरगुती कामात उत्तीर्ण झालो असं वाटलं. तो दिवस त्यांनी पुढे कितीतरी वेळा मनात घोळवला.

आता डब्यांचं सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथे आहे. जाण्यापूर्वी कुंदाताई सगळ्या शेजारणींना "यांच्याकडे बघा हं जरा" असं सांगून गेल्या होत्या. शिवदासरावांना चहा येई आणि पापड भाजता येई, तोही एका बाजूने. त्यामुळे 'निसर्गछाया' सोसायटीतून डबे सुरू झाले. (दोन जुने आंबे तोडून ती इमारत बांधली, तेव्हा बिल्डरला हे नाव सुचलं असावं.) पहिला डबा आला तो तळमजल्यावरच्या सुंदराबाई गायकवाडांचा. सुंदराबाई पालिकेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, मूळच्या सोलापूरकडच्या, बोलायला सडेतोड. त्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची अशी चटणी होती की शिवदासराव जेवून झाल्यावरही बराच वेळ पाटावरच बसून राहिले.

पण डबा धुऊन पुसून समोर ठेवला आणि अडचण उभी राहिली. परुळेकरांच्या घरात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. हे त्यांच्या आईने सांगितलं होतं, तिला तिच्या आईने. शिवदासरावांनी पहिल्या काही डब्यांत साखर घातली. तेव्हा सेक्रेटरी चंद्रप्रकाशची बायको अस्मिता म्हणाली, "काका, आमच्या घरी सगळ्यांना शुगर आहे हो." मग केळी घातली. ती काळी पडली. शिवदासराव विचारात पडले, आणि विचार करता करता त्यांची नजर कुंडीकडे गेली.

कोंबाची आता वेल झाली होती. हृदयासारखी पानं, आणि खिडकीच्या गजांना धरून चाललेले बारीक दोर. मातीत बोट घातलं तर खाली छोट्या छोट्या गाठी लागत. यापेक्षा मंगल काय असणार? एकेक गाठ, थोडी माती, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात. पहिला मान अर्थात सुंदराबाईंचा. त्यांच्या डब्यात शिवदासरावांनी नव्या मातीऐवजी तेलाच्या डब्यातली सगळी जुनी माती घातली. "माझ्या सासूबाईंच्या अंगणातली आहे," ते गंभीरपणे म्हणाले. सुंदराबाईंनी एकदा मातीकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. "बरं भाऊ," त्या म्हणाल्या.

पुढे हे चालूच राहिलं. अळूवडी आली, गाठ गेली. उसळ आली, गाठ गेली. इमारतीत लोक डबे देत राहिले आणि शिवदासराव सासूबाई वाटत राहिले.

पावसाळा सुरू झाला आणि वेलीने मनावर घेतलं. आज गजाच्या टोकाला दिसणारा दोर उद्या अनुपमाच्या गॅलरीत असायचा. अनुपमाच्या गॅलरीतली तिचीच वेल परवा वरच्या मजल्यावर. एसीचे डबे, डिशच्या ताटल्या, सांडपाण्याचे पाइप, काहीही तिला परकं वाटत नसे. श्रावणात तिला फुलं आली, गुलाबी, झुबक्याझुबक्यांनी. सगळ्या इमारतीने गुलाबी शाल पांघरली. पहिल्यांदा पाटीवरचा 'निसर्ग' झाकला गेला, मग 'छाया'. कुरिअरवाले पत्ता विचारत शेजारच्या सोसायटीत जाऊ लागले.

आणि त्या दिवसांत 'निसर्गछाया'मध्ये काहीतरी झालं, हे तिथला कुणीही सांगेल. दुपारचं ऊन पानाफुलांतून गाळून घरात यायचं तेव्हा भिंती, भांडी, माणसं सगळी फिकट गुलाबी दिसायची. मधमाश्यांचा एकसुरी आवाज दिवसभर कानात भरून राहायचा. लोक जिन्यात उभे राहून बोलायला लागले आणि बोलता बोलता कशाबद्दल बोलत होतो ते विसरायला लागले. पाण्याच्या वेळेवरून होणारी भांडणं सुरू व्हायची, पण संपायची नाहीत, नुसती विरून जायची. वॉचमन तर खुर्चीत असा झोपायचा की त्याच्या काठीला वेल चढली तरी त्याला कळलं नाही.

शिवदासराव आरामखुर्ची गजांपाशी ओढून त्या उजेडात पडून राहत. डोळा लागला की सासूबाई येत. नऊवारीत, हातात कोयती, जशा हयातीत असायच्या तशाच. हयातीत त्यांना जावयाचा भरवसा नव्हता. पोरगो बरो आसा, पण ध्यान खंय असता कोण जाणे, असं त्या म्हणत. स्वप्नात मात्र त्या नुसत्या वेलीकडे बघत उभ्या राहत, काही बोलत नसत. शिवदासराव त्यांना झोपेतच सांगत, बघा, तुमची वेल कशी सांभाळली. आयुष्यात इतकं गाढ सुख त्यांना कधी लाभलं नव्हतं.

फोनवर कुंदाताई विचारायच्या, "फुलं आली?"

"आली की."

"किती?"

"मोजता यायची नाहीत."

"दाखवा ना मला. फोटो पाठवा."

"छे! आलीस की बघ. डोळे फाटतील तुझे." हे मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं.

या सुखात एकच खडा होता. सगळ्या इमारतीत तळमजल्यावरची एकच खिडकी मोकळी होती, सुंदराबाईंची. ना पान, ना फूल. जिला पहिली गाठ दिली, अंगणातली माती दिली, तिने ती लावलीसुद्धा नाही! शिवदासरावांना हे फार लागलं. त्यांनी सुंदराबाईंच्या बाजूने जाणंच सोडलं. समोर आल्या तर ते घड्याळ बघत. डबा आला तर तो अनुपमाच्या हातून परत पाठवत, आणि त्यात फक्त साखर घालत.

भाद्रपदात चंद्रप्रकाशने सभा बोलावली. त्याची स्कूटर महिनाभर पार्किंगमध्ये होती आणि आता ती स्कूटर होती हे सांगावं लागत होतं.

"काका, वाट लागली ना यार माझ्या गाडीची," तो म्हणाला. "ही वेल कापायची. ठराव मांडतो मी."

सभा पार्किंगमध्येच भरली. वरून फुलं गळत होती, माश्या गुणगुणत होत्या, आणि मागच्या दोन रांगा केव्हाच पेंगल्या होत्या. शिवदासराव उठले. तपासनीस माणूस, भाषण कधी केलं नव्हतं. पण त्या दिवशी शब्द आपोआप आले. कुडाळचं अंगण, सासूबाईंचे हात, पेव्हर ब्लॉक, आणि शेवटी, "ही वेल नाही, ही माझ्या बायकोच्या आईची आठवण आहे!" अस्मिताने पदराने डोळे पुसले. तिच्याही गॅलरीत एक गाठ होतीच. अनुपमा म्हणाली, "हे आपलं हेरिटेज आहे." वेलीला सोसायटीत कुणीही हात लावायचा नाही, असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. चंद्रप्रकाशने बायकोकडे बघून स्वतःच्या विरुद्ध हात वर केला.

त्याच संध्याकाळी कुंदाताईंचा फोन आला. शिवदासराव अजून टाळ्यांतच होते.

"अहो, मी दिवाळीच्या आधी येते. आईला जाऊन वर्ष होईल ना. श्राद्ध काय ते गावी चुलतभाऊ करील, पण फोटोला मी आपल्या झाडाचा गजरा करणार. एवढी फुलं आलीत म्हणता, तर चांगला दाट होईल. आईला अबोलीशिवाय दुसरं काही आवडलंच नाही कधी."

शिवदासरावांनी वर बघितलं. समोर, बाजूला, खाली, वर, नजर जाईल तिथवर गुलाबी फुलं डोलत होती. कोकणातला माणूस, अबोली केशरी असते हे त्यांना सांगायला नको होतं. आणि अबोलीचं झुडूप असतं, वेल नव्हे, हेही.

"काय म्हटलं मी?" कुंदाताईंनी सवयीने विचारलं.

"नाही कधी," शिवदासराव म्हणाले. तिसरा शब्द त्यांना आठवेना.

मग सगळा उलगडा झाला. काड्या पाण्याने कुजल्या, वेल गोणीतल्या लाल मातीतून आली. आपण सासूबाईंना बुडवून मारलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कुणा परक्या बाईची पूजा केली. आता त्यांना झोप लागेना, आणि लागली तर सासूबाई कोयती घेऊन येत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सरीतून अबोलीचं रोप आणलं आणि कुंडीत लावलं. हे बरोबर नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण चार दिवसांत वेलीने ते रोप असं गिळलं की बरोबर-चूक हा प्रश्नच उरला नाही. तेव्हा ते चंद्रप्रकाशकडे गेले.

"वेल कापायची म्हणतो मी."

चंद्रप्रकाशने ठरावाची वही काढून पुढे केली. "काका, ठराव झालाय ना! तुमचाच. आता तो रद्द करायचा तर परत सभा, परत नोटीस. आणि माझी बायको तुमच्या भाषणानंतर रोज तिला हळदकुंकू वाहते. मी सांगू तिला?"

मग त्यांनी गुपचूप माळ्याला बोलावलं, तर तो खालूनच परतला. वेल फाटकाबाहेरच्या रस्त्यावरच्या झाडावर गेली होती, आणि रस्त्यावरच्या झाडाला हात लावायला परवानगी लागते. शिवदासराव पालिकेच्या उद्यान खात्याच्या कचेरीत गेले. तिथले देवव्रत साहेब फार सौजन्याने बोलले.

"झाड असेल तर आमच्याकडे येतं. वेल आमच्याकडे येत नाही."

"पण ती झाडावर चढलीय."

"मग वेल काढा, झाडाला हात न लावता." साहेबांनी शिवदासरावांच्या मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघितला. "ही होय! आईसक्रीम वेल म्हणतात हिला. मूळची मेक्सिकोची. तण आहे साहेब हे. जमिनीत गाठी असतात, एक राहिली तरी परत येते. सोसायटीभर पसरलीय म्हणजे गाठी पसरल्या कशा?"

"डब्यांतून," शिवदासराव क्षीण आवाजात म्हणाले. ज्या सासूबाई उभ्या आयुष्यात सावंतवाडीच्या पलीकडे गेल्या नाहीत, त्यांना आपण मेक्सिकोला पोहोचवलं, हे त्यांना फार जड गेलं.

कुंदाताई आल्या त्या दिवाळीच्या आधी, एका दुपारी. टॅक्सीवाला इमारतीवरून दोनदा पुढे गेला. शेवटी त्या उतरल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगो बाई! ह्या काय?" शिवदासराव बॅग घ्यायला खाली आले होते. कुंदाताई जिना चढून घरात आल्या, चपला काढल्या आणि सरळ कुंडीपाशी गेल्या. पानं बाजूला केली, माती चाचपली, काळी पडलेली एक काडी उचलली आणि तळहातावर धरून उभ्या राहिल्या. गुलाबी उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"कुंदा," शिवदासराव म्हणाले, "तू जाताना सांगत होतीस ना, ते मी ऐकलंच नव्हतं."

"माका म्हाईत आसा," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही शेवटचे तीन शब्दच ऐकता. एवढ्या वर्षांत मला कळलं नसेल? म्हणून तर मुद्दाम शेवटी म्हटलं, आईची आठवण आहे. म्हटलं, दुसरं काही राहिलं नाही तरी तेवढं तुमच्याकडे राहील."

त्या रागावल्या असत्या तर शिवदासरावांना बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. आईच्या फोटोसमोर थोडा वेळ बसल्या, मग उठून बेंगळुरूहून आणलेला म्हैसूरपाक डब्यांत भरू लागल्या. माझ्या नवऱ्याला तुम्ही सहा महिने जेवू घातलंत, तर बेंगळुरूहून रिकाम्या हाताने कशी येऊ, असं त्यांचं म्हणणं. डबे पोहोचवायला शिवदासराव निघाले. सुंदराबाईंच्या दाराशी त्यांनी डबा ठेवला, बेल वाजवली आणि तोंड चुकवून वर आले.

दुसऱ्या दिवशी वर्ष भरत होतं. सकाळी कुंदाताईंनी फोटो पुसला. बाजारातून फुलं आणू का, असं शिवदासरावांनी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. एवढ्यात दार वाजलं. सुंदराबाई डबा घेऊन उभ्या होत्या.

"कुंदाताई, म्हैसूरपाक छान होता. जुळं कसं हाये?" त्यांनी डबा पुढे केला. "रिकामा कसा द्यायचा, म्हनून बागेतलंच घातलंय."

कुंदाताईंनी झाकण काढलं. आत ओल्या फडक्यावर ओंजळभर अबोली होती, केशरी, ताजी. आणि ती अबोली बाजारातली नव्हती, हे कुंदाताईंनी एकच फूल उचलून ओळखलं. कसं, ते त्यांनाच माहीत.

"सुंदराबाई, हे कुठलं?"

सुंदराबाई शिवदासरावांकडे बघून जरा ओशाळल्या. "भाऊ, राग मानू नका हां. तुमी माती दिली व्हती ना डब्यातनं, सासूबाईंच्या अंगनातली? म्हटलं, कुनाच्या अंगनातली माती, टाकायची कशी. रंगाच्या बादलीत घालून मागं मोरीच्या खिडकीत ठेवली. त्यातनं तुमची ती वेल आली. पर ती लागली की माझी खिडकी झाकायला! मी उपटून टाकली. मुळासकट. परत आली, परत उपटली. तुमचं मन दुखंल म्हनून बोलले न्हाई. मग पाऊस पडला तशी तिथंच ही आली. पयल्यांदा वाटलं, हेबी तणच. उपटायला हातबी घातला व्हता."

वाळक्या बोंडांतलं बी मातीबरोबर तळमजल्यावर गेलं होतं. जी गाठ शिवदासरावांनी एवढ्या मानाने दिली ती केराच्या बादलीत गेली, म्हणून सासूबाई वाचल्या. आणि ज्या बाईला टाळायला ते दोन महिने घड्याळ बघत होते, तिनेच त्या वाचवल्या. शिवदासरावांनी हात जोडले. "बाई, मी तुमच्याशी फार वाईट वागलो," ते म्हणाले.

"मला वाटलं, चटणी तिखट झाली आसंल," सुंदराबाई म्हणाल्या.

मग तिघंही खाली गेली. इमारतीच्या मागच्या बाजूला, जिकडे शिवदासरावांनी रुसून पाय टाकला नव्हता, तिथे रंगाच्या फुटक्या बादलीत हातभर उंचीचं झुडूप उभं होतं, फुलांनी भरलेलं. कुंदाताईंनी त्याच्या पानांवरून हात फिरवला आणि त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. सुंदराबाईंनी त्यांना जवळ घेतलं. शिवदासराव बाजूला उभे होते. त्यांनाही रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

गजरा छोटाच झाला, पण दाट झाला. कुंदाताईंनी तो फोटोला घातला. वेलीचा नवा दोर खिडकीतून आत येऊन फोटोच्या खिळ्याकडे निघाला होता. कुंदाताईंनी तो खुडला आणि बाहेर टाकला. ठरावाचा भंग झाला, पण कुणी हरकत घेतली नाही.

सुंदराबाईंनी परत आणलेला डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला होता. शिवदासराव त्याच्याकडे बघत उभे राहिले. सवयीने त्यांची नजर कुंडीकडे गेली.

"हात लावून तर बघा त्या वेलीला," कुंदाताई म्हणाल्या.

"नाही गं. मी काहीतरी करून घालीन म्हणतो डब्यात. स्वतः. शिरा जमेल मला?"

कुंदाताईंनी नवऱ्याकडे निरखून बघितलं. मग कढई ठेवली, तूप घातलं आणि सांगायला सुरुवात केली. रवा मंद आचेवर भाजायचा, हात थांबवायचा नाही, खमंग वास सुटल्याशिवाय दूध घालायचं नाही, आणि साखर सगळ्यात शेवटी. समोरच्या टाकीवर घार येऊन बसली होती. खिडकीतून गुलाबी उजेड ओट्यावर पसरला होता आणि माश्या गुणगुणत होत्या.

"काय म्हटलं मी?"

"रवा मंद आचेवर भाजायचा," शिवदासराव म्हणाले, "हात थांबवायचा नाही, खमंग वास सुटल्याशिवाय दूध घालायचं नाही, आणि साखर सगळ्यात शेवटी."

कुंदाताईंनी गॅस थोडा आणखी बारीक केला.

"आणि कुंदा," कढईत उलथनं फिरवत शिवदासराव म्हणाले, "त्या अबोलीला पाणी किती घालायचं, ते सांगत होतीस ना जाताना. तेवढं एकदा पहिल्यापासून सांग."